मागच्या भिंतीवरचा आरसा

"श्वास सावकाश घे. डोकं हातात आलं की आपला श्वास त्या माणसाला ऐकू येतो."

हा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हातात वस्तरा होता आणि समोर माणूस नव्हता, फुगा होता. फुगवून खुंटीला बांधलेला, साबणाच्या फेसाने माखलेला. फेस निघाला पाहिजे, फुगा राहिला पाहिजे, एवढीच परीक्षा. पहिल्या दिवशी सात फुगे फुटले. प्रत्येक आवाजाला बाकड्यावरची गिऱ्हाइकं हसत होती; एकाने तर, ह्याच्या हाती मान देण्यापेक्षा मी दाढी गुडघ्यापर्यंत वाढवीन, असं जाहीरच करून टाकलं. हसले नाहीत ते एकटे आबा. दुकान आबांचं, वस्तरा आबांचा, फुगेही आबांच्याच खर्चाने आणलेले. त्यांनी आठवा फुगा स्वतःच्या तोंडाने फुगवला, बांधला, आणि त्याच्या पाठीशी उभं राहून हळूच म्हणाले, "तुला फुग्याची भीती वाटते. त्या फुग्याला तुझी किती वाटत असेल, ते बघ की."

आठवा फुगा फुटला नाही.

त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली होती. आता आबांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं आणि त्याचं अलीकडे. मधे चौदा पावलं. तेवढी चौदा पावलं सात महिन्यांत ना त्यांनी ओलांडली होती, ना ह्याने. आणि आज शनिवारी, संध्याकाळी सहाला, एक माणूस टेम्पो घेऊन ह्याची खुर्ची न्यायला येणार होता.

केस कापणाऱ्याच्या दुकानात आरसा, कंगवे, कात्र्या, फवाऱ्याची बाटली हे सगळं सामान असतं. खुर्ची हे सामान नसतं. खुर्ची गेली की दुकान गेलं. सकाळपासून तो तिलाच पुसत होता. हातांची टेकणी पुसली, मान टेकायची उशी पुसली, पायाखालची लोखंडी पट्टी राखेने घासून चकचकीत केली. सासरी निघालेल्या लेकीची वेणी घालावी तसं चाललं होतं त्याचं. हात कामात, डोळे भरलेले, आणि तोंडातून शब्द नाही.

तोंडातून शब्द नसणं हे मात्र आजचं नव्हतं. ह्या धंद्यात जीभ कात्रीइतकीच चालावी लागते, आणि हा जन्माचा अबोल. गिऱ्हाईक हवापाण्यावर बोललं तर हा मान हलवी, राजकारणावर बोललं तर मान हलवी, बायकोच्या तक्रारी सांगू लागलं तर मानही हलवत नसे. आबांच्या दुकानात सगळे त्याला मुकादम म्हणत. मुका म्हणणं जिवावर येई, म्हणून मुकादम. हाताखाली कुणी नसलेला, कुणावर न ओरडणारा असा हा जगातला एकमेव मुकादम, अशी चेष्टा चाले. तो हसे. तेवीस वर्षं त्याने दुसऱ्यांची डोकी हातात धरून स्वतःचं तोंड बंद ठेवलं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

तक्रार झाली ती गेल्या उन्हाळ्यात.

त्याआधी दोन वर्षं आबांचा उजवा हात कापू लागला होता. आधी नुसती करंगळी, मग मनगट. कुणाला कळलं नव्हतं, कारण मुकादमाला सगळ्यात आधी कळलं होतं. दोघांत कधी बोलणं झालं नाही, पण रीत पडून गेली. आबा गिऱ्हाइकाला फेस लावायचे, गप्पा मारायचे, गालावरून दोन हात फिरवायचे, आणि गळ्याजवळ आले की म्हणायचे, "मुकादम, जरा धर रे, मला हिशोबाचं बघायचंय." वस्तरा मुठीच्या बाजूने पुढे यायचा, हा घ्यायचा. हिशोब बिशोब काही नसायचा. आबा गल्ल्याशी पाठमोरे उभे राहून उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून ठेवायचे. हा गळा पुरा करायचा. गिऱ्हाईक डोळे मिटून असायचं. दाढी आबांच्या हातची झाली म्हणून खूश होऊन जायचं.

वस्तरा पुढे आला की घ्यायचा. विचारायचं नाही, बघायचं नाही, घ्यायचा. फुग्याच्या दिवसापासूनची सवय. हाताला लागलेली सवय डोक्याला विचारून थोडीच वागते.

त्या दिवशी खुर्चीत मास्तर होते. अर्ध्या वस्तीला शिकवून निवृत्त झालेले, शब्दाला वजन असलेले. मास्तरांची दाढी आबा कुणाला करू देत नसत. तिथे त्यांचा मान गुंतलेला होता. गळ्याशी आल्यावर मुकादम आपणहून पुढे झाला. आबांनी त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. मग मास्तरांच्या तोंडून नुसता एक हुंकार आला. हनुवटीखाली फेसात तांबडी रेघ उमटली, पसरली, पांढऱ्या कापडावर उतरली. आणि वस्तरा मुठीच्या बाजूने पुढे आला.

मुकादमाने तो घेतला.

मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा आणि बाकड्यावरची वर्तमानपत्रं खाली झाली तेव्हा सगळ्यांना दिसलं ते एवढंच: रक्त, आणि मुकादमाच्या हातातला वस्तरा. तुरटी शोधत आबा म्हणाले, "किती वेळा सांगितलं तुला, हात हलका ठेव म्हणून." आवाज त्यांचाच होता, पण तो कुठूनतरी लांबून आल्यासारखा. कुणी काही बोललं नाही, तेव्हा त्यांनाच आणखी बोलावं लागलं. "आजपासून ह्याच्या हातात वस्तरा नाही."

मुकादमाने वस्तरा धुतला, पुसला, मिटला, फळीवर ठेवला आणि घरी गेला.

घरी त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ती लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत बातमी तिच्या टेबलावर पोचली होती. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाली, असू दे, माणसाचा हात आहे, चुकायचाच. ती मायेने बोलली होती. पण मास्तरांच्या जखमेतून आलं नसेल इतकं रक्त त्या मायेने त्याच्या आत काढलं. खरं सांगायचं तर आबांचा हात संपला असं सांगायचं, आणि त्या हाताशिवाय आबांना होतं कोण? त्यांची बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही. शिवाय एक हट्टही होताच: जे आबांनी बोलायचं ते मी का बोलू? ह्या दोन दगडांच्या मधे त्याची जीभ अडकली ती अडकलीच.

बायको म्हणाली, बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये कारागीर पाहिजेत, विचारून बघा. तो म्हणाला, स्वतःचं काढतो. तिला आनंद झाला. कुठे, तर समोर. कुणाच्या समोर, तर आबांच्या. तिचा इस्त्रीचा हात थांबला.

"समोरच का?"

"गिऱ्हाईक ओळखीचं आहे," तो म्हणाला.

गिऱ्हाईक ओळखीचं होतं म्हणूनच तर आलं नाही. मास्तरांच्या गळ्यावरची रेघ वस्तीभर फिरून आली होती. मुकादमाचा हात जड झाला, मुकादमाला डोळ्यांनी कमी दिसतं, मुकादम पितो, अशी ती रेघ प्रत्येक तोंडात थोडी थोडी लांब होत गेली. लोक वाईट नव्हते. भेटले की विचारपूस करायचे, दुकान छान थाटलंय म्हणायचे, आणि बोलता बोलता आपला हात आपल्याच गळ्यावर फिरवून पुढे निघून जायचे. त्यांना स्वतःला ते कळत नसे. त्याला कळे.

जे कुणी परगावचे, नवखे, चुकून आत येत, तेही दुसऱ्यांदा येत नसत. त्याला कारण होता आरसा.

सगळ्या जगात आरसा बाजूच्या भिंतीला लावतात, म्हणजे दारातला उजेड गिऱ्हाइकाच्या अंगावर आडवा पडतो. ह्याने लावला मागच्या भिंतीला, बरोबर दारासमोर. गिऱ्हाईक दाराकडे पाठ करून बसे, हा त्याच्या पाठीशी उभा राही, आणि आरशात हातातलं डोकं तर दिसेच, त्या डोक्यावरून पलीकडे रस्ता दिसे, चौदा पावलं दिसत, आणि आबांचं दार दिसे. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, किती वेळाने आलं. कात्री डोक्यावर चाले, नजर दारावर. एका बाजूचे कल्ले वर, एका बाजूचे खाली, असे लोक त्याच्या दुकानातून बाहेर पडले. तेवीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते होऊ लागलं. शिवाय दुपारी दोननंतर ऊन दारातून थेट आरशावर पडे आणि आरशातून थेट खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांत. माणूस लिंबू चोखल्यासारखं तोंड करून बसे.

बायकोने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. आरसा हलवा. त्याने ऐकलं नाही. तिला कामाच्या नादात काहीतरी जुळवून गुणगुणायची खोड होती. एक दिवस घरात कपड्यांच्या घड्या घालताना तिने जुळवलं:

आरशाला मिळालं गिऱ्हाईक, खुर्चीत बसलं ऊन
धनी माझा बसला बाई, समोरचं दार राखून

तो जेवता जेवता थांबला. ती हसली नाही. "गंमत म्हणून नाही म्हटलं," ती म्हणाली. "एक विचारू? हे दुकान काढलंत कशासाठी?"

त्याने पुढचा घास उचलला. खरं उत्तर त्याला पाठ होतं. ते दार रिकामं बघायचं होतं. आबांच्या दाराशी कुणी फिरकत नाही, आबा एकटे बसलेत, आणि आपण ते इथून बघतोय, एवढंच त्याला हवं होतं. त्या एका चित्रासाठी त्याने बायकोच्या साठवणीला हात लावला होता, जागा घेतली होती, खुर्ची आणली होती.

आणि गंमत अशी की ते चित्र त्याला मिळालं. पाचव्या महिन्यापासून आबांच्या दारातली ये-जा विरळ झाली. गळा पुरा करणारा हात आता तिथे नव्हता. आबा नुसते केस कापत, तेही मशीनने, जिथे कापरेपणा खपून जातो. दाढीला कुणी बसलं तर आज वस्तऱ्याला धार नाही म्हणत. किती दिवस म्हणणार. सातव्या महिन्यात मुकादम दुपारी आरशासमोर उभा राही तेव्हा त्यात एक रिकामी खुर्ची दिसे, तिच्यामागे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे दुसरी रिकामी खुर्ची. मनात धरलं ते सगळं झालं होतं. पूर्णच्या पूर्ण झालं होतं. पण पहाटे जाग आली की उठून दुकान उघडायला काही कारणच सापडत नसे. किल्ली हातात घेऊन तो अंथरुणावर बसून राही. बायको जागी असे, पण कूस बदलत नसे.

परवा त्याने खुर्चीचा सौदा केला. बाजारातल्या सलूनने सांगितलं, कामाला ये, पण वस्तरा नाही, फक्त झाडलोट आणि डोकं धुणं. तो हो म्हणून आला. बेचाळिसाव्या वर्षी.

शनिवारची दुपार सरत आली. ऊन आरशावर येऊन बसलं होतं. तो फडकं पिळत होता तेवढ्यात दार अंधारलं.

ट्रकवाला होता. पुढच्या वळणावर टायर बदलायला टाकलाय, तासभर मोकळा आहे, दाढी होईल का, असं त्याने विचारलं. दाढी म्हणजे दाढी नव्हती, रान होतं. चाळीस दिवस रस्त्यावरच आहे, असं तो सांगू लागला. गेल्या खेपेला असाच घरी गेलो तर पोरीने ओळखलं नाही, कडेवर घ्यायला गेलो तर आईच्या मागे लपून रडायला लागली. दोन वर्षांची आहे. आज तिथे पोचायचंय. माणसासारखं कर मला, भाऊ.

मुकादमाच्या मनात आलं, सांगावं, दुकान बंद झालंय. पण खुर्ची अजून होती. त्याने मानेनेच बस म्हटलं.

ट्रकवाला बसला, मान मागे टाकली आणि डोळे करकचून मिटले. "बाबा रे," तो म्हणाला, "दिवसभर काचेतून हेच ऊन खाऊन आलोय. इथे तरी नको."

मुकादम क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकून त्याने खुर्चीखालची कळ दाबली आणि खुर्ची फिरवली. सात महिन्यांत पहिल्यांदा. आरशाकडे एक खांदा, दाराकडे दुसरा, आणि तोंड बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे. ऊन ट्रकवाल्याच्या कानापाशी येऊन थांबलं. त्याचा चेहरा सुटला.

आता बघायला आरसा नव्हता, रस्ता नव्हता, दार नव्हतं. एक चेहरा होता. मुकादमाने आधी कात्रीने रान उतरवलं. मग गरम पाण्यात टॉवेल पिळून चेहऱ्यावर ठेवला, फेस केला, ब्रशने गोल गोल चढवला. कपाळावर धूळ आठ्यांत बसली होती, ती पुसली. उजव्या गालावर, ट्रकच्या खिडकीच्या बाजूला, कातडी उन्हाने जास्त काळवंडली होती. तिथे त्याने वस्तरा आणखी आडवा धरला. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्याला एकदम भीती वाटली. आपल्याच हाताची. वस्तीभर ज्या हाताविषयी बोललं गेलं, त्या हातावरचा त्याचाही विश्वास उडाला होता, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

श्वास सावकाश घे.

त्याने घेतला. एक, आणि आणखी एक. आणि मग त्याच्या डाव्या तळहातात वजन आलं. आधी हलकं, मग पुरं. ट्रकवाल्याची मान सैल पडली होती. वस्तरा गळ्यावर असताना तो झोपी गेला होता.

एक अनोळखी माणूस, चाळीस दिवसांचा थकलेला, आपलं सगळं डोकं त्याच्या हातात टाकून झोपला होता. त्यात कधीचे रस्ते असतील, कधीची जागरणं, लपून रडणारी एक पोर. तेवीस वर्षं मुकादम ज्यासाठी सकाळी उठून कामावर धावत जायचा ते हेच होतं, आणि त्याला ते नाव देऊन कधी सांगता आलं नसतं. सुडाच्या नादात तो ते घरी विसरून आला होता. दुकान काढलं कशासाठी, असं बायकोने विचारलं होतं. उत्तर आत्ता त्याच्या तळहातात घोरत होतं.

आणि साडेतीन वाजले होते. सहाला टेम्पो.

हसावं की रडावं ते त्याला कळेना. देवाने भूक दिली ती ताट उचलल्यावर. तो हळूहळू वस्तरा फिरवत राहिला. जितकं सावकाश होईल तितकं, शेवटचं काम शेवटपर्यंत पुरवून. झाल्यावरही त्याने त्याला उठवलं नाही. पाच मिनिटं हातात डोकं धरून तसाच उभा राहिला.

ट्रकवाला उठला, गालांवरून हात फिरवला, आरशात डोकावला आणि ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला. आता ओळखेल ती, असं म्हणाला. जाताना दारात वळून म्हणाला, परतीला पुन्हा येतो. मुकादमाने मान हलवली. नेहमीसारखी हो नव्हे आणि नाही नव्हे.

तो वळला तेव्हा बाकड्यावर आबा बसले होते.

खुर्ची फिरवलेली, म्हणून त्याला कोण आलं ते दिसलं नव्हतं. चौदा पावलं चालून माणूस आत येऊन बसला आणि दार राखून बसलेल्याला पत्ता नाही. आबांची दाढी आठ-दहा दिवसांची वाढलेली, पांढरी, खुरटी. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसाच्या गालावर ती इतकी परकी दिसत होती की मुकादमाची नजर खाली गेली.

"नंबर आहे का?" आबांनी विचारलं.

"तुमच्या आधी कुणी नाही," मुकादम म्हणाला.

आबा खुर्चीत बसले. त्याने कापड झटकून त्यांच्या गळ्याशी बांधलं. कापडाखाली उजव्या बाजूला काहीतरी थरथरत होतं, वाऱ्याने पडदा हलावा तसं, थांबता थांबत नव्हतं. दुकानात वारा नव्हता.

"आरसा मागच्या भिंतीला लावायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही."

"मीही नाही शिकवलं."

"नाही."

आबा म्हणाले, "मला दिसायचं, तू त्यात बघायचास ते. मी तरी काय करत होतो? मीही इकडेच बघत बसायचो. दोघं दोन दारांना कुलपासारखे लटकलेलो."

मुकादमाने फेस लावला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा ओढला. उजवा गाल झाला. मग हनुवटी वर झाली आणि आबांचा गळा त्याच्यासमोर आला. सुरकुतलेला, सैल, मधोमध घाटी वरखाली होणारा. सात महिने रात्री डोळे मिटले की तो हेच बघत होता: आबा आपल्या खुर्चीत, आणि आपण त्यांना विचारतोय, का? आता ते खुर्चीत होते, वस्तरा त्याच्याच हातात होता, आणि विचारायला तोंड उघडत नव्हतं. हात मात्र स्थिर होता. त्याला त्या हाताचा रागच आला.

दारात चपला वाजल्या. बायको. खुर्ची जाताना आपण तिथे असावं म्हणून लॉन्ड्रीतून लवकर निघून ती किटलीत चहा घेऊन आली होती. खुर्चीत कोण आहे हे पाहून ती उंबऱ्याशीच थांबली. तिची नजर आबांच्या चेहऱ्यावरून कापडावर उतरू लागली.

मुकादमाने खांद्यावरचा टॉवेल काढला, दुहेरी केला, आणि अगदी सहज, फेस पडू नये म्हणून ठेवल्यासारखा, त्या थरथरत्या जागेवर पसरला. वर आपला डावा हात ठेवला. थरथर दिसेनाशी झाली.

आबांनी डोळे उघडले. टॉवेलकडे पाहिलं, त्यावरच्या हाताकडे पाहिलं.

"अजून झाकतोस?" ते म्हणाले.

बायको दोघांकडे बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. काहीतरी आहे एवढं मात्र कळलं होतं. तिने किटली खाली ठेवली.

बाहेर फुटपाथवर काठीचा आवाज आला. एक टप्पा, दोन पावलं, एक टप्पा. साडेचारला मास्तर वाचनालयात निघत, रोज, घड्याळ लावून घ्यावं असे. ह्या दुकानावरून जाताना ते नजर पुढे ठेवत. रागाने नव्हे, समोरच्याला अवघडायला नको म्हणून.

आबा उठले. मुकादमाने पटकन वस्तरा मागे घेतला, नाहीतर लागला असता. "आबा, बसा," तो म्हणाला. "आबा, नको." सात महिन्यांत आबांशी आपणहून बोललेले ते त्याचे पहिले शब्द होते. आबा थांबले नाहीत. एक गाल तुळतुळीत, एका गालावर फेस, गळ्यात कापड, असे ते दारात गेले. बायको बाजूला झाली.

"मास्तर," त्यांनी हाक मारली.

मास्तर वळले. त्या ध्यानाकडे पाहून आधी हसू आलं त्यांना, मग गेलं. आबांनी कापडाखालून उजवा हात बाहेर काढला आणि उन्हात धरला. तो सगळ्यांसमोर कापत राहिला. त्यांनी डाव्या हाताने त्याला धरलं नाही.

"तुमच्या हनुवटीखाली ती रेघ आहे ना, ती ह्या हाताची," आबा म्हणाले. "मुकादमाची नव्हे. मी घाबरलो आणि वस्तरा ह्याच्या हातात दिला. ह्याने घेतला. मी दिला की घ्यायचा, विचारायचं नाही, हे ह्याला मीच शिकवलं होतं."